उथळ पाण्यातील स्टर्नड्राइव्ह : ड्राइव्ह उचलण्याची सोय आणि तिची मर्यादा

उन्हाळा लागला की न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील मरीना गजबजू लागतात. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःची मोटरबोट घेतली आहे किंवा घेण्याचा विचार चालवला आहे, त्यांच्यापुढे वीस ते चोवीस फुटी स्टर्नड्राइव्ह बोटीचा पर्याय हमखास येतो. ती ऐसपैस असते, तिच्या मागच्या बाजूस पोहण्यासाठी मोकळा फलाट मिळतो आणि जुन्या बोटींच्या बाजारात ती तुलनेने स्वस्त पडते. ‘पाणी उथळ झाले की बटण दाबून ड्राइव्ह वर घ्या’, असा सल्लाही खरेदीच्या वेळी मिळतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पुढे इंजिनाला मोजावी लागते.

बार्नेगॅट खाडीचे उदाहरण घेऊ. वाळूच्या लांबट बेटांनी समुद्रापासून अलग केलेल्या या विस्तीर्ण खाडीची सरासरी खोली जेमतेम दीड मीटर आहे. मध्यम आकाराच्या स्टर्नड्राइव्ह बोटीला ड्राइव्ह खाली असताना साधारण पाऊण ते एक मीटर पाणी लागते. म्हणजे आखलेल्या जलमार्गाबाहेर पडताच प्रोपेलर आणि तळ यांच्यातील अंतर अनेक ठिकाणी हातभरही उरत नाही.

यंत्राची रचना

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या भिंतीलगत बसवलेले असते. प्रोपेलर फिरवणारा ड्राइव्ह मात्र त्या भिंतीबाहेर, पाण्यात असतो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅक्वामॅटिक’मुळे ही रचना लोकप्रिय झाली. ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. हायड्रॉलिक दाबाने तो वरही उचलता येतो.

इंजिन आणि ड्राइव्ह यांना जोडणारे युनिव्हर्सल जॉइंट रबराच्या घडीदार नळीत, म्हणजे बेलोजमध्ये, बंदिस्त असतात. ही नळी पाण्याच्या पातळीखाली असते. तिला चीर पडली तर पाणी प्रथम सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये शिरते, नंतर थेट बोटीत येते. धक्क्याला बांधलेली बोट रात्रीतून बुडते, तेव्हा फाटलेला बेलोज हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

ड्राइव्ह उचलल्यावर काय घडते?

पहिली गोष्ट, युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो. या कोनात जास्त शक्ती दिली, तर सांधे आणि बेअरिंग झपाट्याने झिजतात. शिवाय ठरावीक उंचीनंतर ड्राइव्हला दोन्ही बाजूंनी मिळणारा आधार सुटतो. म्हणूनच मर्क्रूझरच्या मार्गदर्शिकांत या स्थितीत इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांपेक्षा वेगाने चालवू नये, अशी सूचना आढळते. आपल्या इंजिनाची मर्यादा त्याच्या मार्गदर्शिकेतच पाहावी.

दुसरी गोष्ट, इंजिन थंड ठेवणारे पाणी बहुतेक रचनांत ड्राइव्हवरील छिद्रांतूनच खेचले जाते. ड्राइव्ह वर आला की ही छिद्रे पृष्ठभागाजवळ येतात आणि पाण्याबरोबर हवा आत जाते. उथळ पाण्यात त्यात वाळू, गाळ आणि गवत यांचीही भर पडते. पंपातील रबरी पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, वाळूने घासले जाते. पाण्याचा प्रवाह घटतो आणि तापमापकाचा काटा चढू लागतो.

तिसरी गोष्ट, प्रोपेलरचा रेटा तिरपा होतो आणि बोट वळणाला नीट दाद देत नाही. थोडक्यात, उचललेला ड्राइव्ह ही हळूहळू सरकत बाहेर पडण्याची सोय आहे, प्रवासाची नव्हे.

चालवताना

वेगात असलेली बोट पाण्यावर तरंगत धावते, तेव्हा ती कमी खोल बसते. चालक वेग कमी करतो त्या क्षणी तिची पिछाडी खाली दबते आणि ड्राइव्ह नेमका तेव्हाच तळाला लागतो. म्हणून वेग खोल पाण्यात असतानाच उतरवावा, मग ड्राइव्ह थोडा उचलावा आणि त्यानंतर उथळ भागात शिरावे. सहप्रवाशांना पुढच्या बाजूस बसवले तर पिछाडी आणखी हलकी होते.

अमेरिकी नकाशांतील खोली ही सरासरी नीचतम ओहोटीच्या पातळीवरून मोजलेली असते. प्रत्यक्षातील पाणी त्याहूनही खाली जाऊ शकते. बार्नेगॅटच्या आतील भागात भरती-ओहोटीचा फरक थोडा असल्याने वाऱ्याचा परिणाम ठळकपणे जाणवतो. जमिनीकडून सतत वाहणारा जोराचा वारा खाडीतील पाणी बाहेर ढकलतो.

भारतात किंवा ब्रिटनमध्ये बोट चालवलेल्यांनी एक फरक विशेष लक्षात ठेवावा. तिथे समुद्रातून बंदराकडे येताना लाल खूण डाव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत ती उजव्या हाताला असते. सवयीने उलट बाजू धरली, तर बोट थेट वाळूवर जाते.

तळाला लागल्यास

बोट रुतली की मागचा गिअर टाकून जोर लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रोपेलर गाळ ढवळतो आणि तोच गाळ पंपातून इंजिनात जातो. प्रथम इंजिन बंद करावे, सर्वांना लाइफ जॅकेट घालायला सांगावे आणि बोटीच्या तळाशी पाणी साचते आहे का, हे पाहावे. पाणी येत नसेल तर ड्राइव्ह उचलून, वजन पुढे हलवून, काठीने किंवा खोल पाण्याच्या दिशेला टाकलेला नांगर ओढून बोट सोडवावी. ओहोटी चालू असेल तर हे सारे तत्परतेने करावे. भरती येत असेल तर धीर धरणेच शहाणपणाचे. पाणी आत येत असेल तर बोट ओढून काढण्याची घाई करू नये. व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागावी. इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी इंजिनकक्षाचा ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा आणि पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करावी.

अशा ठिकाणी तळाशी अनेकदा समुद्री गवत असते. लहान मासे आणि खेकडे त्यातच वाढतात. प्रोपेलरने उपटलेला पट्टा भरून यायला वर्षे लागतात.

देखभाल

उथळ पाण्यातील नुकसान त्याच दिवशी क्वचित दिसते. म्हणून पुढील कामे नेमाने करावीत.

• खाऱ्या पाण्यातून परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिनाची शीतप्रणाली धुऊन काढावी.

• इम्पेलर दरवर्षी तपासावा. वाळूतून गेल्याचा संशय असल्यास मुदतीची वाट न पाहता बदलावा.

• बेलोज दरवर्षी तपासावेत. वळताना मागून घरघर ऐकू आली, तर बेअरिंगमध्ये पाणी शिरल्याची शक्यता धरावी.

• ड्राइव्हचे वंगण दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे असे समजावे. प्रोपेलरमागे अडकलेला मासेमारीचा दोर सील कापतो, तोही पाहावा.

• गंज स्वतःवर घेणारे अ‍ॅनोड अर्धे झिजले की बदलावेत.

• बोट पाण्यात बांधून ठेवताना ड्राइव्ह खालीच ठेवावा, म्हणजे बेलोजवर ताण येत नाही आणि अ‍ॅनोड पाण्यात राहतात. त्यासाठी ओहोटीतही ड्राइव्ह चिखलाला टेकणार नाही, अशीच जागा भाड्याने घ्यावी.

इम्पेलर आणि बेलोज यांचा खर्च नव्या ड्राइव्हच्या किंवा इंजिनाच्या तुलनेत नगण्य असतो. त्याहून स्वस्त उपाय मात्र चालकाच्या हाती आहे: ड्राइव्ह उचलण्याची वेळ आली, की वेगही उतरवायचा, आणि उचलूनही तळ लागत असेल, तर आल्या वाटेने परत फिरायचे.