मार्चचा अंदाज आणि मोहाची पहाट

फेब्रुवारीच्या अखेरीस भारतीय हवामान विभागाचे उन्हाळी हंगामाचे पत्रक येते. मार्च ते मे या तीन महिन्यांत देशात कुठे जास्त तापेल, उष्णतेच्या लाटांचे दिवस कुठे वाढतील, मार्चचा पाऊस सरासरीच्या मानाने कसा राहील, हे त्यात दिलेले असते. मी ते गेली काही वर्षे नेमाने वाचतो, आणि वाचून झाले की धानोरा तालुक्यातल्या एका गावी जातो. तिथे ओळखीच्या एक आजी आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांना उत्साहाने सांगितले, यंदा ऊन सरासरीहून जास्त राहणार. त्या म्हणाल्या, “ऊन तं राहीलच जी. पाणी कधी येईल ते सांगा.”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पत्रकात का नसते, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला.

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. इथला वसंत कोकिळेपेक्षा टोपलीने ओळखावा. पळस फुलून ओसरू लागला की मोहाची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोह, मग चारोळी, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. अनेक घरांत वर्षाचा रोख पैसा याच अडीच महिन्यांत येतो.

मोहाचे फूल रात्रीतून गळते, पहाटेला सडा पडतो. उजाडण्यापूर्वीच बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर गुरे आणि रानडुकरे वाट पाहत नाहीत. (वाघाची भीती आहेच. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह आणि तेंदूच्या दिवसांत माणसे मारली गेल्याच्या बातम्या आता दरवर्षीच्या झाल्या आहेत.) फूल मांसल आणि साखरेने भरलेले. सारवलेल्या अंगणात ते कडक उन्हात वाळले तर टिकते आणि भाव मिळतो. अर्धवट वाळलेल्या फुलावर एक सर आली, तर ते काळे पडते, आंबते. तेंदूचेही तसेच. खुडलेली पाने सत्तर-सत्तरचे पुडे बांधून फळीवर उन्हात घालतात, उलटतात, मग पोत्यात भरतात. जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा हंगाम. गारपीट झाली तर झुडपावरचे पान फाटते, पाऊस झाला तर फळीवरचे डागाळते. फाटक्या पानाची विडी वळत नाही.

आता पत्रकाकडे. हवामान विभाग २०१६ पासून उन्हाळ्याचा असा हंगामी अंदाज देतो. समुद्राचे तापमान आणि वातावरणाची आजची स्थिती प्रारूपात घालून संगणकावर पुढचे महिने पुन्हा पुन्हा चालवून पाहतात, दर वेळी सुरुवातीला किंचित फरक करून. निघालेली उत्तरे तीन खणांत टाकतात: सरासरीहून जास्त, सरासरीइतके, सरासरीहून कमी. काहीच माहिती नसती तर प्रत्येक खणाला ३३ टक्के मिळाले असते. नकाशावर विदर्भ लाल दिसतो तेव्हा ‘जास्त’च्या खणाचे पारडे जड झालेले असते, इतकेच. एखाद्या ठिकाणी ती शक्यता ५५ टक्के असेल, तर उरलेले ४५ टक्के नकाशावर दिसत नाहीत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तर नाहीतच.

हे काम निरुपयोगी नाही. एल निनोसारखी समुद्राची मोठी हालचाल महिनोन् महिने टिकते, म्हणून तीन महिन्यांची सरासरी काही प्रमाणात आधी सांगता येते. रुग्णालये, वीज मंडळ, पाणीपुरवठा यांना त्याचा उपयोग होतो. पण मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला ४३-४४ अंश ही रोजचीच गोष्ट. तिथे सरासरीच्या वर अर्धा अंश जाणार, या बातमीने आजींचा दिवस बदलत नाही.

त्यांचा दिवस बदलतो तो ढगाने, आणि मार्च-एप्रिलच्या ढगाची घडण वेगळी आहे. पश्चिमेकडून पश्चिमी विक्षोभ सरकत येतात आणि उंचावर थंड हवा आणतात. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो. वायव्येचा कोरडा वारा आणि हा दमट वारा जिथे भेटतात तिथे कमी दाबाची एक लांबट पट्टी तयार होते. विदर्भापासून थेट दक्षिणेकडे गेलेली ही पट्टी हवामानाच्या बातमीपत्रात वारंवार भेटते. खाली तापलेली जमीन, मधे बाष्प, वर गारठा, एवढे जुळले की दुपारी तीननंतर ढग उभा राहतो. म्हणजे तापलेली जमीन ही गारपिटीच्या सामग्रीतलाच एक भाग. ‘उन्हाळा कडक’ याचा अर्थ ‘उन्हाळा कोरडा’ असा मी लावत होतो, तो साफ चूक होता. शिवाय असा एखादा विक्षोभ पंधरवड्याहून आधी दिसत नाही. वीस मिनिटांची गारपीट तीन महिन्यांच्या सरासरीत शोधूनही सापडणार नाही.

ही चूक मला २०२३ साली समजली. त्या वर्षीचा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. आदल्या वर्षीचा मार्चही तसाच विक्रमी. पत्रकात मध्य भारतासाठी उष्णतेच्या लाटांची शक्यता वाढलेली होती. मी गावात सांगून आलो, यंदा भट्टी. मार्चच्या मध्याला एकामागून एक विक्षोभ आले, विदर्भात पाऊस आणि गारा पडल्या, आणि एप्रिलअखेरीस, तेंदूच्या तोंडावर, पुन्हा. आजींचे चार दिवसांचे फूल अंगणातच भिजले. रात्री ते आत घेण्याची त्यांची सवय होती. भट्टीच्या भरवशावर त्या वर्षी तसेच राहू दिले होते. त्या मला काही बोलल्या नाहीत. चहा दिला.

तेव्हापासून मी तीन महिन्यांपेक्षा चार दिवसांकडे जास्त पाहतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज चार-पाच दिवसांसाठी बऱ्यापैकी भरवशाचा असतो, आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. ढग प्रत्यक्ष उभा राहिला की नागपूरचे डॉप्लर रडार तो टिपते. मात्र भामरागड तिथून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या अंतरावर रडारची किरणे जमिनीपासून काही किलोमीटर उंचावरून जातात. ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. आणि दिसले तरी इशारा पोचायला मोबाइलची रेंज लागते. एटापल्ली-भामरागडकडच्या कितीतरी पाड्यांत ती टेकडीवर चढून शोधावी लागते. जिल्ह्याचा अंदाज तरी एकाच वाक्यात कसा मावावा? वैनगंगेकाठचे धानाचे सपाट तालुके आणि इंद्रावतीकडचा डोंगराळ भाग यांचा पाऊस एक नसतो. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द म्हणूनच येतो. तो प्रामाणिक आहे, पण अंगणात फूल पसरलेल्या बाईला त्याने काय करावे ते कळत नाही.

गेल्या मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी मी आजींच्या नातवाला फोन केला: उद्या-परवा मेघगर्जनेसह पावसाचा पिवळा इशारा आहे. त्यांनी वेचलेले सगळे फूल आत घेतले, कोठीत जागा नव्हती म्हणून खाटेखाली पसरले. शुक्रवारी ढग आले, वारा सुटला, दूरवर विजा चमकल्या. पाऊस पलीकडच्या गावावर पडला, इकडे थेंब नाही. शनिवारी सकाळी नातवाचा फोन आला. आजी विचारताहेत, आज वाळत घालू का?