तिसरा पंच कशासाठी?

आंतरशालेय बास्केटबॉलच्या सामन्यात हा प्रसंग हमखास घडतो. बास्केटखाली एक खेळाडू पडतो, प्रेक्षक ‘ढकललं, ढकललं!’ म्हणून ओरडतात. पण चार पावलांवर उभ्या असलेल्या पंचांची शिटी वाजत नाही. लगेच पक्षपाताचा आरोप होतो. खरे तर दोष बहुधा पंचांच्या मनात नसतो, त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत असतो. कसा ते एका प्रयोगाने पाहू.

टेबलावर ८ सेंटिमीटर व्यासाचे दोन पेले ठेवा. मध्ये २ सेंटिमीटर फट राहू द्या. तीन-चार मीटर अंतरावरून, डोळे पेल्यांच्या पातळीवर ठेवून, टेबलाभोवती फिरा. समोरून फट स्वच्छ दिसते. बाजूला सरकत गेलो की ती अरुंद होते आणि पेले एकामागे एक येण्याच्या बऱ्याच आधी नाहीशी होते. पेल्यांच्या केंद्रांतले अंतर १० सेंटिमीटर आहे. केंद्रांना जोडणाऱ्या रेषेशी आपली नजर ‘क’ कोन करत असेल, तर ते अंतर १० × साइन क एवढेच भासते. हे ८ पेक्षा कमी झाले की फट दिसेनाशी होते. म्हणजे कोन सुमारे ५३ अंशांहून मोठा हवा. नुसते जवळ जाऊन भागत नाही.

आता पेल्यांच्या जागी दोन खेळाडू आहेत असे समजा. दोन पंच एकमेकांशी काटकोनात पाहत असतील आणि खेळाडू नेमके मध्ये तिरपे उभे असतील, तर दोघांचाही कोन ४५ अंश होतो. फट दोघांनाही दिसत नाही! तीन पंचांच्या नजरांत ६०-६० अंशांचे अंतर असेल, तर खेळाडू कसेही उभे राहोत, एकाचा तरी कोन ६० अंश किंवा अधिक असतोच.

मैदानावर कोणी अंश मोजत नाही, पण तत्त्व हेच. ‘लीड’ पंच अंत्यरेषेवर, ‘ट्रेल’ त्याच बाजूला मागे मध्यरेषेकडे आणि ‘सेंटर’ समोरच्या बाजूला फ्री थ्रो रेषेच्या आसपास उभा राहतो. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले असते. तिघांनीही चेंडूकडेच पाहायचे नसते. चेंडू सेंटरच्या बाजूला गेला, की लीड अंत्यरेषेवरून तिकडे जातो. मग सेंटर ट्रेल होतो आणि ट्रेल सेंटर.

अमेरिकेतल्या ‘एनबीए’ने १९७८-७९ च्या हंगामात तिसरा पंच नेमून पाहिला, पुन्हा दोनवर आली आणि १९८८-८९ पासून तीन पंच कायम केले.

आपल्या शाळेत मात्र शिटी बहुधा एकाच शिक्षकाच्या हाती असते. त्यांनी एवढे करावे: दोन खेळाडू एका रेषेत आले, की पुढे धावण्याऐवजी दोन पावले बाजूला सरकावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न: फट १ सेंटिमीटरच ठेवली, तर तीन पंच पुरतील का? आधी गणित करा, मग पेले मांडा.