घरी पिस्तूल बनवायचं का? एका श्रोत्याच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

या भागाचा हा लेखी अवतार. गाडीत, लोकलमध्ये ऐकणाऱ्यांचे आकडे निसटतात, म्हणून इथे सगळं नीट मांडतोय.

प्रश्न आमच्या कर्जत भागातल्याच एका श्रोत्याचा. त्याने यूट्यूबवर अमेरिकेतल्या एका हौशी माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्या माणसाने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं पहिलं पिस्तूल जोडलं आणि "मी काय शिकलो" असा शेवटी हिशोब मांडला. श्रोता विचारतो, "दादा, कशेळ्यात थ्रीडी प्रिंटर आहे, खोपोलीला लेथवाले आहेत. आपण हौस म्हणून एक केलं तर काय बिघडलं?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नुसतं "गप्प बस" म्हणून चालणार नाही. चार भागांत उत्तर देतो.

१. तिकडे ते नक्की काय करतात?

अमेरिकेतल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, ज्याला शस्त्र बाळगायला बंदी नाही असा माणूस विकण्यासाठी नाही, तर स्वतःपुरतं शस्त्र घरी बनवू शकतो. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. पण आपण ज्याला "घरी बनवलं" म्हणतो ते बहुतेक वेळा "घरी जोडलं" असतं. नळी, स्प्रिंगा, चापाचे भाग कारखान्यातून येतात. हौशी माणूस एक सांगाडा पुरा करतो आणि भाग एकमेकांत बसवतो. आपण कॉम्प्युटर असेंबल करतो तसंच. प्रोसेसर काही आपण बनवत नाही.

तिकडेही आता हे मोकाट राहिलेलं नाही. अशा किटवर सीरियल नंबर हवा आणि घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायला हवी, असा नियम २०२२ मध्ये आला. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

म्हणजे व्हिडिओ बघताना हे ध्यानात ठेवा, की त्या माणसाच्या मागे त्याच्या देशाचा कायदा आणि कारखान्यातून तपासून आलेले भाग उभे आहेत. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

२. आपला कायदा काय म्हणतो?

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याच्या जागी आला. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा.

पहिली: "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्री येते. "मी फक्त नळी केली होती, पिस्तूल नव्हतं" हा बचाव इथेच संपतो.

दुसरी: कलम ५. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, एवढंच काय दुरुस्त करणं किंवा चाचणी घेणं, सगळं बंद.

तिसरी: कलम ६. खेळण्यातलं किंवा नकली पिस्तूल खऱ्यात बदलणं, नळी कापून आखूड करणं, यालाही परवाना लागतो.

चौथी: शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. बनवलं नाही, नुसतं विनापरवाना जवळ सापडलं, तरी साधारण २ ते ५ वर्षं.

यात कुठेही "हौस" नावाची पळवाट नाही. पेपरात "गावठी कट्ट्यासह तरुणाला अटक" अशी बातमी येते, त्याच रांगेत हौशी इंजिनिअरही बसतो. पुढे नोकरीचं व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, व्हिसा, सगळीकडे ते प्रकरण सोबत येतं.

जपानमध्ये माझ्याच वयाच्या आसपासच्या एकाने हे करून पाहिलं. कावासाकीचा योशितोमो इमुरा. थ्रीडी प्रिंटरवर पिस्तुलं बनवली आणि व्हिडिओ टाकले. मे २०१४ मध्ये अटक, ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांची शिक्षा. त्याने कुणावर गोळी झाडली नव्हती.

कुणी म्हणेल, आमच्याकडे शेतात डुकरं घुसतात, त्याचं काय? त्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण परवाना बंदूक बाळगण्याचा मिळतो, ती घरी घडवण्याचा नाही. आणि डुक्कर मारायचं असेल तर वनखात्याचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्या.

३. कायदा बाजूला ठेवला तरी

आता इंजिनिअर म्हणून बोलतो. ९ एमएम काडतूस फुटतं तेव्हा नळीत जास्तीत जास्त ३५,००० पीएसआयपर्यंत दाब येऊ शकतो. घरचा प्रेशर कुकर शिट्टी देतो तो सुमारे १५ पीएसआयला. म्हणजे दोन हजार पटींहून जास्त, तेही तुमच्या मुठीत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. कुकरचा वॉल्व्ह उडाल्यावर स्वयंपाकघराची काय दशा होते ते आईला विचारा.

म्हणून कारखान्यात प्रत्येक शस्त्राची दाबाची चाचणी होते. धातू कुठला, त्याला उष्णता कशी दिली, आत बारीक तडा आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. २०१३ मध्ये "लिबरेटर" नावाच्या थ्रीडी प्रिंटेड पिस्तुलाची फाईल जगभर गाजली. अमेरिकी सरकारच्या शस्त्र विभागाने त्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एक पिस्तूल गोळी झाडताच फुटून त्याचे तुकडे झाले. चाचणी होती म्हणून जवळ कुणाचा हात नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला सवय असते. चालवून बघू, एरर आला तर दुरुस्त करू. इथे पहिला एरर बोटं घेऊन जातो.

मग पिस्तूल बनवायची खरी आवड असेल तर? रस्ता आहे, आणि तो पुण्यातून जातो. जानेवारी २०२१ मध्ये "अस्मी" ही ९ एमएमची देशी मशिन पिस्तूल जाहीर झाली. लष्कराच्या महू इथल्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली डीआरडीओची एआरडीई प्रयोगशाळा यांनी ती चार महिन्यांत तयार केली. चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवले. म्हणजे तुमच्या डोक्यात आहे तेच तंत्र, पण मागे प्रयोगशाळा, चाचण्या आणि कायदेशीर अधिकार. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

४. मग घरी काय बनवायचं?

हा भाग माझ्या आवडीचा. १० मीटर एअर पिस्तूल या खेळात घरी बनवण्यासारखं भरपूर आहे, आणि ते कायद्यात बसतं. .१७७ बोअरचं, म्हणजे ४.५ मिमी छऱ्याचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्याशिवाय, ओळखपत्र दाखवून दुकानातून घेता येतं. स्पर्धेच्या पिस्तुलातून छरा साधारण १५० मीटर प्रतिसेकंदाने निघतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला ही ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास. पण त्याची नळी किंवा ताकद बदलायला जाऊ नका. तिथे तुम्ही पुन्हा वरच्या कलमांच्या दारात जाता.

खेळ किती अवघड आहे ते बघा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. हात एकच, सरळ लांब, कशाचाही आधार नाही. पुढची आणि मागची माशी यांच्यात साधारण ३२ सेंमी अंतर असतं. त्यांची रेघ १ मिमीने जरी चुकली तरी १० मीटरवर छरा ३१ मिमी बाजूला जातो. दहाचे सात झाले!

म्हणून बनवण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे मूठ. चांगले नेमबाज लाकडी मूठ स्वतःच्या पंज्याप्रमाणे घासून, कुठे पुट्टी भरून बसवून घेतात. आमच्याकडे सुतार आहेत, लाकूड आहे. नियम एवढाच, की मुठीने मनगटाला आधार द्यायचा नाही.

दुसरी: छरे अडवणारी पेटी. मागे पक्की भिंत हवी, येण्याजाण्याची वाट किंवा दार नको. डोळ्यांवर चष्मा, आणि छरे शिशाचे असतात म्हणून नंतर हात साबणाने धुवा.

तिसरी आपल्या कामाची, हात किती हलतो ते मोजणारं यंत्र. दोन-चार ग्रॅमचा जायरो सेन्सर आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, बस. चाप दाबण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाचा आलेख काढायचा. ०.१ अंशाचा झोल १० मीटरवर १७ मिमीहून जास्त होतो, तो आलेखात लगेच दिसतो. छरा न घालता, पांढऱ्या भिंतीसमोर सराव करता येतो. फक्त स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल रिकामं चालवू नका, त्याचं सील खराब होतं. ड्राय-फायरची सोय असलेलंच वापरा.

एक कडक सूचना. छऱ्याच्या बंदुकीने पाखरं, होले टिपणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. भीमाशंकरच्या पायथ्याला राहतो आपण. आणि पिस्तूल, नकली असलं तरी, एसटीत किंवा रीलमध्ये मिरवू नका. समोरच्याला ते खरंच वाटतं.

शिकायला लांब जायला नको. ऑलिम्पियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला आहे, कर्जतहून चौकमार्गे जाता येतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तिने कारखान्यातलंच पिस्तूल हातात घेतलं, घडवला तो हात.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर: पिस्तूल बनवू नकोस, मूठ बनव. सेन्सरचा कोड हवा असेल तर मेसेज कर, पाठवतो. आणि गावातल्या ज्या पोरांपर्यंत तो व्हिडिओ पोचलाय, त्यांना हा भाग फॉरवर्ड कर.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!