कुकडीकाठी, खडीवरून

ज्वालामुखीचा प्रदेश म्हटला की शंकूसारखा डोंगर, माथ्यावर विवर आणि जमलेच तर थोडा धूर, एवढे तरी माणसाला बघायला हवे असते. जुन्नर तालुक्यात यातले काहीही नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा एखाद्या डोंगराच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो पसरत गेला, थिजला आणि त्याच्यावर पुढचा लोट आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. आज त्याचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे इथला ज्वालामुखी एका जागी उभे राहून, कठड्याला टेकून पाहायची वस्तू नाही. तो अंतर कापत वाचावा लागतो. या वाचनाला मोटारीचा वेग फार आणि पायी चालणे अपुरे. जरा रुंद टायरची, वाकड्या हँडलची, कच्च्या रस्त्यावर ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाणारी ग्रॅव्हल सायकल या कामाला चपखल आहे. घाटघरपासून निघोजपर्यंतचा कुकडी नदीचा काठ हा त्यासाठी महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पट्टा ठरावा.

असे म्हणण्याचे पहिले कारण चाकाखालीच आहे. विहीर खणणाऱ्यांना इथला खडक पक्का ठाऊक असतो. काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही, आणि मांजऱ्या लागला की पहारही चालते. थिजताना ज्या थरात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे साचली, तो मांजऱ्या. तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो. पाषाण मात्र शतकानुशतके उभा राहतो आणि फोडला तरच त्याची खडी मिळते. म्हणून डोंगराच्या बाजूने पाहिले की कडा, मग उतरता टप्पा, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात, आणि वाटेवरही तोच क्रम उतरतो. मुरमाच्या टप्प्यावर टायर सुखाने आणि जवळजवळ आवाज न करता पळतो. पाषाणाचा थर उघडा पडला की हँडल हातात नाचू लागते. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीची पट्टी आली, तर समजावे की एक लोट थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला आणि तेवढ्यात खडकाची माती झाली. डांबरावर ही सगळी माहिती एका काळ्या पट्टीखाली गाडली जाते.

माणसांनी हे थर फार पूर्वी ओळखले होते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारा माल नाणेघाटाने चढे. घाटमाथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दानांची आकड्यांसह नोंद असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. जवळचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. हा व्यापार ज्या गावाला पोसत होता, त्या जुन्नरच्या भोवती तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री अशी लेण्यांची माळच आहे. लेण्याद्रीची लेणी डोंगराच्या पोटात एका रेषेत ओळीने दिसतात. इतक्या कामाला एकसंध, भेगा नसलेला दगड हवा, आणि तो थरातच मिळतो, डोंगरभर नाही. घाटघरहून निघून चावंड किल्ल्याखालून, माणिकडोह धरणाच्या पाण्याला वळसा घालत येणाऱ्या माणसाला लेण्याद्रीला पोहोचेपर्यंत डोंगरातली ही पातळी ओळखण्याची नजर आलेली असते. पुण्याहून थेट पायऱ्यांच्या तळाशी उतरणाऱ्याला ती यायला वावच नसतो.

नारायणगावच्या पूर्वेला देखावा बदलतो. सह्याद्रीचे कडे मागे पडतात, ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो सुरू होतात, आणि खोडदच्या माळावर 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या एकूण 30 तबकड्या परिसरात विखुरलेल्या आहेत. रेडिओलहरींचा गोंगाट इथे कमी, हे जागा निवडण्याचे एक मोठे कारण. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते बोरी बुद्रुक. इथे कुकडीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि ही राख दख्खनची नाहीच. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच ज्वालामुखीच्या कित्येक लाख वर्षे जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांत वाद आहे. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाल्याने तो वाद केवळ भूशास्त्रज्ञांपुरता उरत नाही. लाव्हाने घडवलेल्या खोऱ्यात दुसऱ्याच देशातल्या ज्वालामुखीची राख, हा योग पाहायला लोक परदेशी जातील. इथे तो शेताच्या बांधाशेजारी आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. शहरातल्या हौशी लोकांना खडीवर सायकल फिरवायची म्हणून गावाने डांबराविना राहायचे का? अजिबात नाही. गावाला जोडणारा रस्ता पक्का झालाच पाहिजे. रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी मुरमावर अडता कामा नये. पण इथे चर्चा आहे ती पाणंदींची, शिवाररस्त्यांची आणि कालव्याच्या भरावावरच्या वाटांची. राज्याने 2021 मध्ये आणलेल्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेमागचा हेतूच शेतात ट्रॅक्टर पोहोचेल इतपत वाट करणे हा होता. खडी आणि मुरूम नीट दाबून, बाजूला चर काढून ती वाट होते. शेतकऱ्याला पावसाळ्यात चालणारी जी वाट हवी आहे, तीच सायकलस्वारालाही हवी आहे. विरोध असलाच तर तो पर्यटनाच्या नावाखाली प्रत्येक पाणंदीवर सिमेंट ओतण्याला आहे, आणि तो खर्च शेतकऱ्याच्याही उपयोगाचा नाही. येडगाव धरणातून निघून पारनेर, श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या कुकडी डाव्या कालव्याच्या बाजूची वाट पाटबंधारे खात्याच्या ताब्यातली. तिथे परवानगी आणि पाण्याची धास्ती हे खरे प्रश्न आहेत. ते सोडवायचे तर फलक आणि ठरावीक टप्पे लागतील, नवा रस्ता लागणार नाही.

स्पेनमधल्या काताल्युनियात ओलोत ते जिरोना या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 50 किलोमीटरांहून लांब सायकलवाट झाली, ती याच तत्त्वावर. तिथल्या ज्वालामुखींना विवरे आहेत, हे खरे. पण वाट जुनीच आहे, रेल्वे गेल्यावर मागे राहिलेली. आपल्याकडे तेवढेही करावे लागत नाही, कारण पाणंद अजून वापरात आहे.

दुसरा आक्षेप असा की ही श्रीमंतांची खेळणी आहेत. ग्रॅव्हल सायकलींच्या किमती पाहता नाकारून चालणार नाही. तरी मुरूम समोरच्या सायकलची किंमत विचारत नाही. शाळेला जाणाऱ्या मुली याच वाटांवर साध्या सायकली रोज हाकतात, आणि जरा रुंद टायर असला तर या मार्गाचा बहुतेक भाग त्यांच्याच सायकलवर होतो. नवी सायकल घेण्याआधी बाभळीच्या काट्याचा बंदोबस्त करणे शहाणपणाचे.

तिसरी अडचण बिबट्याची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुन्नर वनविभागातला बिबट्या उसात राहायला शिकला आहे, माणसांवर हल्लेही झाले आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. पहाटेच्या काळोखात किंवा दिवेलागणीला उसाच्या बाजूने एकट्याने जाऊ नये, हा नियम स्थानिक माणूस पाळतो, पाहुण्यानेही पाळावा. पावसाळाही या मार्गाचा ऋतू नाही. घाटघरला तेव्हा धो-धो कोसळतो आणि खालची काळी माती चाकाला बसली की चाक फिरायचेच थांबते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत मुरूम कोरडा आणि घट्ट असतो.

कुकडी निघोजजवळ पोहोचते तोवर पाऊस तुटपुंजा झालेला असतो. पारनेर हा दुष्काळाशी जुनी ओळख असलेला तालुका. इथे नदीने काळ्या पाषाणाच्या थरात रांजणखळगे कोरले आहेत, काही माणूस उभा बुडेल इतके खोल. पुरात भोवरा होतो, खळग्यात अडकलेले गोटे गरगर फिरतात आणि तळ घासत राहतात. खळगा खोल होतो, गोटे झिजून बारीक होतात, आणि त्यांची जागा वरून वाहत आलेले नवे गोटे घेतात. म्हणून हा मार्ग नदीच्या ओघाबरोबर, घाटघरकडून निघोजकडे करावा. दगडाचे कडा, मुरूम आणि गोटा हे तिन्ही टप्पे त्याच क्रमाने लागतात. शेवटच्या टप्प्यात सायकल गावातच ठेवून पात्रात पायी उतरावे. उघड्या, गुळगुळीत पाषाणावर कुठलाच टायर टिकत नाही, आणि वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का, हे आधी गावात विचारलेले बरे.