गोपनीयताप्रधान व्यवसायांतील ऑनलाइन अभिप्राय : संपादनाची रीत व मर्यादा

सारांश

ग्राहकांचे ऑनलाइन अभिप्राय हे सेवाव्यवसायांच्या विश्वासार्हतेचे एक प्रमुख साधन बनले आहे. मात्र वैद्यक, मानसोपचार व वकिली या व्यवसायांत एखाद्या व्यक्तीने सेवा घेतली ही माहितीच गोपनीय असते. अशा व्यवसायांनी अभिप्राय कसे मिळवावेत, कोठे थांबावे आणि प्रतिकूल अभिप्रायास कसे उत्तर द्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ऑनलाइन अभिप्राय, गोपनीयता, संमती, व्यावसायिक नीतिमत्ता.

१. प्रस्तावना

उपाहारगृहाविषयी अभिप्राय लिहिणारा ग्राहक आपण तेथे जेवलो एवढेच जगाला सांगतो. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याविषयी चार चांगले शब्द लिहिणारा रुग्ण मात्र, त्याची इच्छा असो वा नसो, आपल्या आजाराची वाच्यता करतो. त्याने टोपणनाव घेतले तरी त्याच खात्यावरून गावातील शाळा, किराणा दुकान व मंगल कार्यालय यांविषयी लिहिलेले अभिप्राय एकत्र वाचले की ओळख पटण्यास वेळ लागत नाही. सर्वजण एकमेकांना ओळखतात अशा तालुक्याच्या गावी तर हा धोका अधिकच वाढतो. वंध्यत्व, व्यसनमुक्ती, एच.आय.व्ही., गर्भपात, घटस्फोट, दिवाळखोरी अशा प्रत्येक क्षेत्रात हीच स्थिती आहे.

यातून एक विसंगती निर्माण होते. समाधानी रुग्ण वा अशील संकोचाने गप्प राहतो, दुखावलेला मात्र लिहितो. परिणामी उत्तम सेवा देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावापुढे दोन-तीनच अभिप्राय, आणि तेही कडवट, दिसतात. नव्याने मदत शोधणाऱ्या व्यक्तीची त्यामुळे दिशाभूल होते व व्यावसायिकाला अभिप्राय मागण्याचा मोह होतो.

२. कायदेशीर चौकट

के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजाराने ग्रस्त व्यक्तीस आपल्या उपचारांविषयी गोपनीयतेचा अधिकार आहे. वैद्यकीय गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ५ अ नुसार संबंधित स्त्रीचे नाव व तपशील, कायद्याने अधिकृत केलेली व्यक्ती सोडून इतरांना सांगणे हा दंडनीय अपराध आहे. वकील व अशील यांच्यातील संभाषणास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे संरक्षण आहे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती व माहितीपूर्ण असावी असे तत्त्व आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. या तत्त्वाचा अर्थ असा की, उपचारासाठी घेतलेला दूरध्वनी क्रमांक अभिप्राय मागण्यासाठी वापरावयाचा असल्यास त्यासाठी स्वतंत्र संमती हवी.

३. अभिप्राय मागण्याचा अधिकार

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आकर्षित करणे अनैतिक ठरते. तीत ऑनलाइन अभिप्रायांचा शब्दशः उल्लेख नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑगस्ट २०२३ मधील नव्या विनियमांत मात्र समाजमाध्यमांवर रुग्णांचे प्रशंसापर अभिप्राय मागण्यास स्पष्ट मनाई होती. ते विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले व २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. तरीही अभिप्रायांच्या प्रश्नाकडे पाहण्याचा नियामकाचा रोख त्यातून स्पष्ट होतो. भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम ३६ वकिलास जाहिरातीची मनाई करतो. २००८ मधील दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता व कार्यक्षेत्र देण्यापुरती सवलत मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहकांकडून गुणांकन देण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली.

या निर्बंधांमागे केवळ परंपरा नाही. उपचार चालू असलेला रुग्ण डॉक्टरांची विनंती सहजासहजी नाकारू शकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या नीतिसंहितेतील ५.०५ हे कलम याच कारणास्तव, चालू उपचारातील रुग्णांकडून तसेच दबावास बळी पडू शकणाऱ्या इतर व्यक्तींकडून प्रशंसापत्रे मागण्यास मनाई करते. नकार देण्याचे स्वातंत्र्य जेथे नाही तेथे मिळालेला होकार संमती ठरत नाही.

४. प्रत्युत्तरातील धोका

गोपनीयतेचा भंग अभिप्राय मागण्यापेक्षा त्याला उत्तर देताना अधिक सहजपणे होतो. अमेरिकेतील दोन प्रकरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. डॅलस येथील एलिट डेंटल असोसिएट्स या दंतचिकित्सा संस्थेने येल्पवरील अभिप्रायांना उत्तर देताना रुग्णांची आरोग्यविषयक माहिती उघड केली. २०१९ मध्ये तिला १०,००० डॉलर भरून तडजोड करावी लागली. न्यू जर्सीतील मनसा हेल्थ सेंटर या मानसोपचार संस्थेने प्रतिकूल अभिप्रायाच्या उत्तरात रुग्णाच्या निदानाचा व उपचारांचा उल्लेख केला. २०२३ मध्ये तिने ३०,००० डॉलर भरले. दोन्ही ठिकाणी १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यान्वये कारवाई झाली.

येथे व्यावसायिकाची बाजू मुळातच लंगडी असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. रुग्णाने स्वतःविषयी काही लिहिले म्हणून डॉक्टर गोपनीयतेच्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. गुपित रुग्णाचे असते आणि त्यातील किती उघड करावयाचे हे तोच ठरवितो. आरोप खोटा असला तरी केसपेपर जगापुढे ठेवून तो खोडता येत नाही. किंबहुना, ‘आपण आमच्याकडे आलात याबद्दल आभार’ या साध्या वाक्यानेही तो रुग्ण असल्याची पुष्टी होते.

५. व्यवहार्य पद्धती

वरील मर्यादांत राहून पुढील मार्ग अवलंबिता येतात. प्रत्येक व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार त्यांत भर वा घट करावी.

(१) व्यक्तीला विनंती करू नये. निर्बंध नसलेल्या व्यवसायांत प्रतीक्षाकक्षात सर्वांसाठी एकच फलक वा क्यूआर कोड ठेवावा. कोणी लिहिले व कोणी नाही याची नोंद ठेवू नये.

(२) मोबाइलवर संदेश पाठवू नये. अनेक घरांत एकच फोन अनेकजण हाताळतात आणि दवाखान्याचे नाव असलेला संदेश सासरी वा माहेरी नको ते सांगून जातो.

(३) फलकावर सूचना असावी : ‘आपल्या आजाराचा वा प्रकरणाचा उल्लेख करू नये. वेळेचे पालन, स्वच्छता, शुल्काची स्पष्टता व कर्मचाऱ्यांची वागणूक यांविषयी लिहावे.’ नव्या रुग्णाला याच बाबी जाणून घ्यावयाच्या असतात.

(४) सवलत वा भेट देऊ नये, तसेच समाधानी ग्राहकांनाच निवडून अभिप्राय मागू नये. गूगलच्या धोरणात दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले आहे.

(५) बिननावी प्रश्नावली पेटीत गोळा करावी व निष्कर्षांची बेरीज तेवढी दर्शनी भागात लावावी. यात ऑनलाइन प्रसिद्धी कमी मिळते, पण उणिवा अधिक प्रामाणिकपणे कळतात.

(६) समुपदेशकांनी व्याख्याने व कार्यशाळांच्या श्रोत्यांकडून अभिप्राय घ्यावेत. श्रोता रुग्ण नसल्याने त्याच्या लिहिण्यातून काहीही उघड होत नाही.

(७) अनुकूल व प्रतिकूल अशा सर्व अभिप्रायांना एकच उत्तर द्यावे : ‘आमच्याकडे कोण येते याविषयी आम्ही जाहीरपणे काहीही सांगत नाही. सेवेविषयी कोणाचीही तक्रार असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा.’ अभिप्राय खोटा वा बदनामीकारक असल्यास संबंधित माध्यमाकडे तक्रार करावी वा कायदेशीर सल्ला घ्यावा.

६. निष्कर्ष

या व्यवसायांत अभिप्रायांची संख्या कमी राहणे हा दोष मानण्याचे कारण नाही. ग्राहकांचे मौन पुष्कळदा विश्वासाचेच लक्षण असते. व्यावसायिकाचे काम एवढेच की, ज्याला स्वेच्छेने लिहावयाचे आहे त्याची वाट सुकर करावी आणि ज्याला लिहावयाचे नाही त्याला संकोचात टाकू नये. महाविद्यालयांतील समुपदेशन कक्षांनाही हे तत्त्व लागू पडते. अहवालासाठी विद्यार्थ्यांची नावानिशी मनोगते गोळा करण्यापूर्वी, त्या विद्यार्थ्याला नाही म्हणता आले असते काय, हा प्रश्न प्राध्यापकांनी स्वतःस विचारणे अगत्याचे आहे. कक्षाचे दार ठोठावण्याच्या विचारात असलेला पुढचा विद्यार्थी ती मनोगते वाचणार असतो आणि आत जावे की नाही हे त्यावरूनच ठरविणार असतो.