हस्तलिखिताची रवानगी

आषाढ लागला म्हणजे दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत साहित्याची आवक सुरू होते, आणि ज्यास मागणीपत्र आलेले नसते अशा माझ्यासारख्या लेखकास आपली कथा आपण होऊन रवाना करण्याची तजवीज करावी लागते. कागदाच्या एकाच बाजूस, डावीकडे प्रशस्त समास सोडून, सुवाच्य अक्षरांत नक्कल उतरवायची, एक प्रत स्वतःच्या दप्तरी ठेवायची, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडायचे, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. आपल्याच नामंजुरीचा टपालखर्च आगाऊ भरणारा अर्जदार सरकारी कचेरीतदेखील आढळावयाचा नाही. सोबतच्या पत्रात कथेची थोरवी गावी तर संकोच वाटतो, न गावी तर पत्र कोरडे पडते. अखेर नाव, पत्ता आणि कथा अप्रकाशित असल्याचा निर्वाळा यांवर ते आटोपते.

इंग्लंड-अमेरिकेत ही वकिली साहित्यिक एजंट करतो. तो बाड वाचतो, योग्य प्रकाशक हेरतो, कराराची कलमे पारखतो आणि लेखकाच्या प्राप्तीतून बहुधा शेकडा १५ दलाली कापून घेतो. मराठीतील मानधन पाहता त्या शेकड्यात त्याचे जाण्यायेण्याचे भाडेही सुटणार नाही. तेव्हा हा मध्यस्थ आपल्याकडे रुजला नाही यात नवल नाही. त्याच्या कामातील वाचनाचा आणि सल्ल्याचा भाग काही संपादकांनीच पत्करला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’साठी आलेल्या कथांवर लेखकांशी केलेला चिकित्सक पत्रव्यवहार सर्वश्रुत आहे, ते मासिक १९८२ साली बंद पडले.

परत आलेल्या बाडाची टाचणी हललेली आहे की नाही, हे मी प्रथम पाहत असे. ती जागची ढळली नसली, दुसऱ्या पानाची घडीही कोरी करकरीत असली, तर ‘साभार परत’ या छापील चिठ्ठीतील आभार कशाबद्दलचे, असा प्रश्न पडे. उलट समासात पेन्सिलीची एखादी खूण दिसली, तर त्या नकाराचे मोल मी मानधनाहून अधिक समजत असे.

आता कथा ई-मेलने जाते, टाचणी गेली आणि तिच्याबरोबर पोचही गेली. एकच साहित्य एकाच वेळी दोन ठिकाणी धाडू नये हा संकेत आम्ही मात्र अद्याप पाळतो, त्यामुळे संपादकांचे मौन म्हणजे कथेची अटकावणीच होय. संपादकमहाशयांस विनंती एवढीच की, कारण लिहिण्यास सवड नसल्यास ते लिहू नये, परंतु नकार श्रावण सरण्यापूर्वी कळवावा, म्हणजे तीच कथा दुसऱ्या अंकाकडे मुदतीत पाठविता येईल.