सुईचे दहा-बारा दिवस

‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. पण त्या नळीच्या आधी बाईला जे दहा-बारा दिवस काढावे लागतात, त्यांची माहिती पुष्कळदा घरच्यांनाही नसते. आज त्यांविषयी थोडे बोलू.

निसर्गाचा हिशेब आधी पाहू. दर महिन्याला बीजांडकोशात अनेक फॉलिकल, म्हणजे पाण्याने भरलेल्या इवल्या पिशव्या, वाढीला लागतात. त्यांतली साधारण एकच पुढे जाते, तिच्यातून बीज सुटते. बाकीच्या विरून जातात. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राऊन अशाच एका नैसर्गिक बीजाची. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मात्र औषधे देऊन अनेक बीजे वाढवण्याची वाट धरली. आज जगभर हीच वाट रुळली आहे.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि बहुधा तेव्हाच इंजेक्शने सुरू होतात. पोटाच्या कातडीखाली, बारीक सुईने, ठरल्या वेळी. शिकून घेतले तर घरीही. एरवी विरून गेल्या असत्या त्या पिशव्याच या औषधाने वाढतात. म्हणून ‘बीजे लवकर संपतील’ ही भीती खरी नाही. उपवास किंवा रोजे असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, कधी रक्ततपासणी. बीज वेळेआधी सुटू नये म्हणून मध्येच दुसरे इंजेक्शन जोडले जाते. पिशव्या साधारण १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या, की शेवटचे ‘ट्रिगर’. त्याची वेळ घड्याळ लावून पाळायची. कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, बहुधा भूल देऊन, बीजे काढतात.

पोट जड वाटणे, डोके दुखणे, उगाच रडू येणे हे नेहमीचे. पण पोट झपाट्याने फुगले, वजन भराभर वाढले, उलट्या थांबेनात, दम लागला, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठावे. बीजांडकोश गरजेपेक्षा जास्त चेतल्याची ही खूण. क्वचित जिवावर बेतते. बीजे काढून झाल्यावरही हा त्रास उद्भवू शकतो.

दहा पिशव्या दिसल्या म्हणजे दहा बाळे नव्हेत. काहींत बीज मिळत नाही, काही बीजे कच्ची असतात, काही फळत नाहीत. कधी एक-दोनच पिशव्या वाढतात आणि उपचार थांबवावा लागतो. औषध पिशव्या वाढवते, वय मागे नेत नाही. यात बाईचा कसूर कसला? २०२१ च्या कायद्याने केंद्राची नोंदणी, लेखी संमती आणि यशाची शक्यता समजावून सांगणे बंधनकारक केले आहे. तेव्हा प्रश्न विचारायला संकोचू नये.

शब्दांत वावरणारा माणूस म्हणून एक गोष्ट मला खटकते. ‘वांझ’ म्हणून आपण बाईलाच हिणवतो. पुरुषाला हिणवायला तसा शब्द रोजच्या बोलण्यात नाही. उणीव नवऱ्याच्या शुक्रजंतूंत असली, तरी सुया तिलाच टोचून घ्याव्या लागतात. निदान इंजेक्शनच्या वेळी त्याने शेजारी बसावे. आणि घरच्यांनी ‘किती बीजे निघाली?’ असे विचारण्याआधी ‘जेवलीस का?’ एवढे विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)